शुश्रूषागृहाची परीक्षा कोणी घ्यावी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘नर्सिंग होम’ हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की डोळ्यांपुढे उभे राहते ते एखाद्या डॉक्टर दांपत्याचे दहापंधरा खाटांचे खाजगी रुग्णालय, बहुधा प्रसूतिगृह. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, अंथरुणातून उठता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे किंवा जाऊ लागली आहे, अशा वृद्धांना कायमचे वा दीर्घ काळ ठेवून घेणारी संस्था म्हणजे तिथले नर्सिंग होम. त्याला शुश्रूषागृह म्हणणे अधिक योग्य होईल. तिथे अशी सुमारे १५ हजार शुश्रूषागृहे असून त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसे राहतात. शंभरातील सुमारे सत्तर गृहे नफ्यासाठी चालवली जातात.

हा दूरदेशीचा विषय येथे घेण्याचे कारण सरळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील लोकसंख्येत साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाची सरासरी ८.६ टक्के होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. मुले परगावी वा परदेशी, घरातील स्त्रिया नोकरीवर, आणि शहरातील घर दोन खोल्यांचे, अशा स्थितीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोठे ठेवायचे हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. पुणे, नाशिक, ठाणे या शहरांच्या कडेने खाजगी वृद्धनिवास आणि ‘केअर सेंटर’ निघत आहेत. नातेवाईक तिथे जातात, फरशी स्वच्छ आहे का, अंगणात तुळस आहे का, व्यवस्थापक गोड बोलतो का, एवढे पाहतात आणि महिन्याची रक्कम भरून येतात. आत दिलेली शुश्रूषा चांगली की वाईट, हे कशावरून ओळखायचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. ते शासनापाशीही नसते.

अमेरिकेने हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न अर्धशतकाहून अधिक काळ केला आहे. त्या प्रयत्नात काय साधले आणि काय फसले, हे समजून घेणे समाजवादी कार्यकर्त्याला उपयोगी आहे. कारण वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मुळात सत्तेचा आहे. मोजणारा कोण, मोजले जाते काय, आणि ते मोजमाप कोणाच्या हाती पडते, यावर सारे अवलंबून असते.

दीनगृहापासून बाजारापर्यंत

एकोणिसाव्या शतकात निराधार अमेरिकन म्हाताऱ्याचा शेवटचा आसरा म्हणजे स्थानिक शासनाचे दीनगृह. तिथे वेडे, आजारी, अनाथ आणि वृद्ध एकत्र कोंबलेले असत. या दीनगृहांची इतकी बदनामी झाली होती की, १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा करताना तिथे राहणाऱ्यास वृद्धापकाळाचे साहाय्य मिळू नये अशीच तरतूद करण्यात आली. हेतू चांगला होता: लोकांनी दीनगृहात राहू नये, आपल्या घरी सन्मानाने राहावे. परंतु ज्याला घरी सांभाळणारे कोणी नव्हते, त्याने जावे कोठे? तो खाजगी भाडोत्री घरांत गेला. घरमालकिणीने एखादी परिचारिका ठेवली आणि पाटी बदलली. सरकारी संस्थेवरच्या रागातून खाजगी धंद्याचा जन्म झाला, तो असा.

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना आल्या. पहिली वृद्धांच्या उपचारांसाठी, दुसरी गरिबांसाठी. मेडिकेअर रुग्णालयातून निघालेल्या माणसाची थोड्या दिवसांची शुश्रूषा पाहते. दीर्घ मुक्कामाचा खर्च ज्याने त्याने करायचा, आणि साठवलेले सारे संपून माणूस कंगाल झाला की मेडिकेडने उचलायचा. सरकारी पैसा वाहू लागताच या धंद्यात बांधकाम व्यावसायिक आले, कंपन्या आल्या, शेअर बाजार आला. मागोमाग घोटाळेही आले. न्यूयॉर्क राज्यात तर १९७५ साली शुश्रूषागृहांच्या चौकशीसाठी मोरलँड आयोग नेमावा लागला. पैसा जनतेचा, मालकी खाजगी आणि माणूस असाहाय्य, असा त्रिकोण जुळला की काय होते, हे त्या चौकशीने चव्हाट्यावर आणले.

१९८६ मध्ये तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने शुश्रूषेच्या दर्जाबद्दल सविस्तर अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात त्यावर आधारलेला कायदा झाला. हा कायदा खरोखर महत्त्वाचा होता. तोवर तपासनीस इमारत पाहत: दरवाज्याची रुंदी, आगीची शिडी, फाइलीतील सही. नव्या कायद्याने प्रश्न बदलला. प्रत्येक निवासी शरीराने, मनाने आणि सामाजिकदृष्ट्या त्याला शक्य असलेल्या सर्वोच्च पातळीवर राहतो आहे का, असे विचारणे बंधनकारक झाले. माणूस आत येताना चालत होता आणि सहा महिन्यांत खाटेला खिळला, तर ते आजारामुळे अटळ होते की हयगयीमुळे घडले, याचा जाब संस्थेने द्यायचा. सहायक सेविकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, पूर्वसूचना न देता येणारे तपासनीस, निवाशांना आपले मंडळ स्थापन करण्याचा हक्क, आणि विनाकारण बांधून न ठेवले जाण्याचा हक्क, या तरतुदी त्यात होत्या.

शेवटच्या तरतुदीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. कायद्यापूर्वी दर दहांपैकी सुमारे चार निवाशांना पट्ट्याने खाटेला वा खुर्चीला बांधले जाई. ते पडू नयेत म्हणून बांधतो, असे सांगितले जाई. आज हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले आहे. कायद्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तारे आणि तारे देणारे

परंतु गोष्ट इथे संपत नाही. ॲव्हेदिस डोनाबेदियन या बैरूत येथे जन्मलेल्या वैद्यकतज्ज्ञाने १९६६ साली शुश्रूषेचे मोजमाप तीन अंगांनी करावे असे मांडले होते: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे खाटा किती, परिचारिका किती, साधने कोणती. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष केले काय: औषध वेळेवर दिले का, कूस बदलली का. परिणाम म्हणजे माणसाचे झाले काय: जखम भरली की चिघळली, वजन घटले की टिकले. ही मांडणी आजही जगभर प्रमाण मानली जाते. अडचण अशी की, या तिन्ही अंगांची माहिती बहुतांशी संस्थेच्याच कागदांतून मिळते.

२००८ च्या डिसेंबरात अमेरिकन शासनाने प्रत्येक शुश्रूषागृहाला एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. ग्राहकाने तारे पाहावेत आणि चांगले गृह निवडावे. वाईट गृहे आपोआप सुधारतील किंवा बंद पडतील, अशी त्यामागची बाजारी श्रद्धा. तारे तीन गोष्टींवरून ठरत: शासकीय तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या, आणि निवाशांच्या प्रकृतीचे निर्देशांक. यांपैकी केवळ पहिली गोष्ट तपासनीस डोळ्यांनी पाहत. उरलेल्या दोन्ही संस्था स्वतःच कळवत असत. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासून गुण भरून द्यावेत, असा हा प्रकार होता.

त्याची दोन फळे सांगण्यासारखी आहेत.

पहिले फळ औषधांचे. बांधून ठेवणे बंद झाले, पण स्मृती गेलेला माणूस ओरडतो, भटकतो, प्रतिकार करतो. त्याला सांभाळायला हात हवेत. हात कमी असले की गोळी स्वस्त पडते. मानसोपचारातील तीव्र औषधे देऊन त्याला गुंगीत ठेवायचे, म्हणजे पट्ट्याचीही गरज उरत नाही. २०११ च्या अखेरीस सुमारे चौथा हिस्सा निवाशांना अशी औषधे दिली जात होती. शासनाने २०१२ पासून त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि हा आकडा ताऱ्यांच्या हिशेबात धरला. आकडा पुष्कळ खाली आला. मात्र त्या मोजणीत एक अपवाद होता: छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असलेल्या रोग्याला दिलेले औषध मोजले जात नसे. हा रोग सहसा तारुण्यात सुरू होतो. सत्तरी-ऐंशीत तो नव्याने जडणे दुर्मिळ. तरी शुश्रूषागृहांतील वृद्धांच्या कागदांवर त्याची नोंद वाढत गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२१ मध्ये हा प्रकार उघडकीस आणला आणि २०२३ मध्ये शासनाने अशा निदानांची फेरतपासणी सुरू केली. म्हातारा तोच, गोळी तीच. कागदावर रोग तेवढा बदलला आणि तारा शाबूत राहिला.

दुसरे फळ हजेरीचे. कर्मचाऱ्यांची संख्या संस्था कळवीत असे, तीही तपासणीच्या आसपासच्या पंधरवड्याची. २०१६ पासून शासनाने प्रत्यक्ष पगारपत्रकावरून रोजची हजेरी मागवायला प्रारंभ केला. तेव्हा दिसले ते असे: बहुसंख्य गृहांत आजवर कळवल्यापेक्षा माणसे कमी होती, रोजच्या संख्येत मोठे चढउतार होते आणि शनिवार-रविवारी तर हजेरी ठळकपणे घसरत होती. एका कागदाऐवजी दुसरा कागद मागताच सत्य बाहेर आले. कारण पहिला कागद तपासनिसासाठी लिहिलेला होता आणि दुसरा पगार देण्यासाठी. मालक तपासनिसाला जास्तीची माणसे दाखवील. पण न आलेल्या माणसाला पगार देणार नाही. कामगार चळवळीतील माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्यात मस्टर आणि पगारपत्रक ताडून पाहण्याची विद्या तिने केव्हाच आत्मसात केली आहे.

दोन तासांचे गणित

शुश्रूषेचा दर्जा म्हणजे अखेर काय, हे समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे: शय्याव्रण, अर्थात अंथरुणात पडून पडून होणारी जखम.

हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो. आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग मांस कुजत हाडापर्यंत पोहोचते. माकडहाड, नितंब, टाच या तिच्या जागा. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्याला ही जखम होत नाही. जो स्वतः वळू शकत नाही त्याला दुसऱ्याने वळवावे लागते. दर दोन तासांनी वळवावे, असा शुश्रूषाशास्त्रातील परंपरागत दंडक आहे. काही जखमा मरणासन्न अवस्थेत अटळ असतात, हे खरे. परंतु बहुतेक टाळता येण्याजोग्या असतात.

आता रात्रपाळीचा हिशेब करावा. समजा, एका दालनात वीस वृद्ध आहेत आणि त्यांतील बारा जणांना वळवावे लागते. एकेकाला वळवणे, ओले कपडे बदलणे, चादर सारखी करणे, पाठीला उशी लावणे, यास दहा मिनिटे धरली तर बारा जणांना १२० मिनिटे लागतात. म्हणजे बरोबर दोन तास. शेवटच्याला वळवून होते न होते तोच पहिल्याची वेळ पुन्हा झालेली असते. ती एकटी सेविका रात्रभर क्षणाचीही उसंत न घेता एवढेच करील, तेव्हा कुठे कोणालाही जखम होणार नाही. त्यात कोणाला पाणी देणे नाही, कोणाला शौचास नेणे नाही, घाबरून उठलेल्याजवळ बसणे नाही, तिचे स्वतःचे जेवण नाही. शिवाय जड देहाच्या माणसाला वळवायला दोन माणसे लागतात, ती दुसरी आणायची कोठून?

मग ती काय करते? मनुष्य करील तेच करते. काहींना वळवते, काहींना वळवत नाही आणि सकाळी तक्त्यावर सगळ्यांपुढे खुणा करते. तपासनीस तक्ता पाहतो, तो पूर्ण भरलेला असतो. पुढे जखम सापडली तर नोकरी त्या सेविकेची जाते. दालनात एकच सेविका नेमणाऱ्याची नाही.

सेविका निष्काळजी होती, एवढे बोलून चौकशी संपवणे ही सर्व व्यवस्थांची आवडती पद्धत आहे. वास्तविक निष्काळजीपणा तिने केला नसून मनुष्यबळाच्या तक्त्याने केलेला असतो, आणि तो तक्ता नफ्याच्या हिशेबाने आखलेला असतो.

मजुरी आणि गुणवत्ता

म्हणूनच अमेरिकेतील खरा झगडा ताऱ्यांवर नव्हे, तर माणसांच्या संख्येवर झाला. १९८७ च्या कायद्यात कर्मचारी ‘पुरेसे’ असावेत एवढाच शब्द होता. किती म्हणजे पुरेसे, हे सांगितलेले नव्हते. २००१ मधील एका शासकीय अभ्यासाने प्रत्येक निवाशामागे दिवसाला ४.१ तासांची शुश्रूषा लागते असे दाखवले. पण तो आकडा नियमात आला नाही. मध्यंतरी कोरोनाची साथ आली. २०२२ च्या आरंभापर्यंत दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत निवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सेविका एकाच वेळी दोन-तीन गृहांत काम करत होत्या, कारण एका पगारात घर चालत नव्हते. आजारी असूनही कामावर येत होत्या, कारण भरपगारी रजा नव्हती. विषाणू गरिबीच्या वाटेने आत शिरला.

त्या साथीतील एक निष्कर्ष पक्षाच्या प्रत्येक शाखेत वाचून दाखवावा असा आहे. न्यूयॉर्क राज्यातील शुश्रूषागृहांचा अभ्यास २०२० मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आला. जिथे कामगार संघटना होती तिथे निवाशांमधील कोरोनामृत्यूंचे प्रमाण संघटना नसलेल्या गृहांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. संघटनेमुळेच हे घडले, असे एका अभ्यासावरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण संघटित सेविका मास्क मागू शकते, धोका दिसला तर तोंड उघडू शकते, हे त्यामागचे कारण असणे अगदी सयुक्तिक आहे.

मालकीचा प्रश्नही तपासला गेला आहे. खाजगी भांडवली निधींनी विकत घेतलेल्या शुश्रूषागृहांत अल्पकाळासाठी आलेल्या रुग्णांचा मृत्युदर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी काढला. सेविकांचे नोकरी सोडण्याचे प्रमाणही असेच बोलके आहे: २०१७-१८ च्या पगारपत्रकांवरून ते वर्षाला सरासरी १२८ टक्के निघाले. म्हणजे शंभर जागांमागे वर्षभरात १२८ माणसे सोडून गेली. स्मृती गेलेल्या म्हातारीला ओळखीचा चेहरा हाच जगाशी उरलेला दुवा. तिच्यापुढे दर काही महिन्यांनी अनोळखी हात येतात. याला कोणता तारा लावायचा?

अखेर २०२४ मध्ये अमेरिकन शासनाने नियम केला: दर निवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची शुश्रूषा, आणि चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका हजर. २००१ च्या शिफारशीपेक्षा हा आकडा कमीच होता. तरीही त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे पाचांपैकी जेमतेम एक गृह ही अट पुरी करू शकत होते! गृहचालकांची संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने नियमाच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि त्याच वर्षीच्या जुलैतील अर्थसंकल्पी कायद्याने अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखून धरली. तारे राहिले, तास गेले. मोजमाप करायला भांडवलाची हरकत नसते. मोजमापावरून खर्च करावा लागतो तेव्हा त्याची हरकत सुरू होते.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप येतील आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

एक आक्षेप असा की, माया ही तासांत मोजता येत नाही. हे खरे आहे. पण जिला बारा जणांना वळवायचे आहे तिला माया करायलाही वेळ लागतो. तास म्हणजे माया नव्हे. मात्र तासांवाचून माया निव्वळ उपदेश ठरते.

दुसरा आक्षेप गृहचालकांचा: माणसेच मिळत नाहीत. त्यांना विचारावे की, कोणत्या पगारात मिळत नाहीत?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो समाजवाद्यांनी स्वतःला विचारायचा आहे. सरकारी मालकी आली की शुश्रूषा सुधारते का? दीनगृहे सरकारीच होती. महाराष्ट्रातील भिक्षेकरी गृहांची वा मनोरुग्णालयांची जुनी स्थिती आठवली तर मालकी बदलण्याने सारे साधत नाही, हे मान्य करावे लागते. नफ्याची प्रेरणा काढून टाकणे आवश्यक आहे. पण तेवढेच पुरे नाही. बंद दाराआडची कोणतीही संस्था, मग ती शेटजीची असो वा शासनाची, दुर्बलाला चिरडू शकते. दार उघडे ठेवणे हा स्वतंत्र कार्यक्रम आहे.

चौथा मुद्दा मोजमापाच्या मर्यादेचा. एखाद्या गृहात वर्षभरात कोणी पडलेच नाही, तर ते गृह उत्तम समजावे काय? कदाचित तिथे कोणाला उठूच दिले जात नसेल. चालणारा म्हातारा कधीतरी पडणारच. सुरक्षिततेच्या नावाखाली स्वातंत्र्य काढून घेणे हीसुद्धा वाईट शुश्रूषाच होय. म्हणून कोणताही आकडा एकटा वाचू नये. त्याच्यामागचा माणूस पाहावा.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्रात या बाबतीत काय आहे? १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसांच्या शुश्रूषेची जागाही येते. परंतु व्यवहारात तो कायदा रुग्णालये आणि प्रसूतिगृहे यांच्यापुरता समजला जातो. वृद्धाश्रम हा समाजकल्याणाचा विषय मानला जातो, आरोग्याचा नव्हे. १९९५ साली राज्याने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. २००७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासन स्थापू ‘शकेल’, असे म्हटले आहे. ‘शकेल’ या एका क्रियापदाने साऱ्या कलमाचा कणा काढून घेतला आहे. वृद्धनिवासांची सक्तीची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर गतप्राण झाले.

आणि सेविका? तिला इकडे ‘मावशी’ म्हणतात. मावशी म्हटले की वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुटी हे शब्द तोंडातून निघणे अवघड होते. ती ब्यूरोमार्फत येते, बारा तासांची पाळी करते, तिच्या मजुरीतून ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतो. बहुधा ती खेड्यातून वा शहरातील झोपडवस्तीतून आलेली, अनेकदा एकटीने संसार ओढणारी स्त्री असते. आपल्या आजारी आईला गावाकडे शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून ती दुसऱ्याच्या आईची शी-मूत काढत असते. वृद्धांच्या सन्मानाविषयी बोलताना या स्त्रीला वगळणारे भाषण अपुरे आहे. वृद्ध आणि सेविका यांचे हित एकच आहे. दोघांनाही एकच गोष्ट हवी: दालनात आणखी एक माणूस.

कार्यकर्त्याचे काम

कार्यकर्त्याने यात काय करावे? प्रथम पाहायला शिकावे. वृद्धनिवासाला भेट द्यायची तर पाहुण्यांच्या वेळेला नव्हे; रविवारी दुपारी किंवा रात्री जेवणाच्या वेळेला जावे. आत शिरताच वास कशाचा येतो, हे नाकाला कळते: मुताचा येतो, की तो झाकण्यासाठी ओतलेल्या फिनेलचा. पाण्याचे भांडे खाटेवरच्या माणसाच्या हाताला लागते आहे, की कपाटावर शोभेला ठेवले आहे? घंटा वाजवली तर किती वेळाने कोण येते? भरवणारी सेविका घास गिळेपर्यंत थांबते, की दोन मिनिटांत ताट उचलते? नखे कापलेली आहेत का? टाचा कशा आहेत? महिन्याचे वजन लिहिले जाते का, आणि ते घटत असेल तर कोणी दखल घेतली का? सगळे भर दुपारी झोपलेले असतील तर ती शांतता आहे की गुंगी? मग सेविकेला विचारावे: इथे किती दिवस आहात, रात्री किती जण असता, पगार वेळेवर होतो का? ती व्यवस्थापकाकडे पाहून उत्तर देत असेल, तर उत्तर मिळाल्यातच जमा आहे. आणि तिला निवाशांची नावे ठाऊक आहेत का, हे जरूर पाहावे. जिथे माणसे खाट-क्रमांकाने ओळखली जातात, तिथे पुढचे काही विचारण्याची गरज नाही.

परंतु एकदोन भेटी म्हणजे परीक्षा नव्हे. अमेरिकेत १९७८ पासून प्रत्येक राज्यात निवाशांच्या तक्रारी घेऊन भांडणारा लोकपाल ठेवणे सक्तीचे आहे आणि त्याच्या हाताखाली स्वयंसेवक नियमाने शुश्रूषागृहांत जातात. हे काम इकडे कोणाच्या परवानगीची वाट न पाहता सुरू करता येईल. तालुक्यात एक वृद्धनिवास असेल तर शाखेने दर महिन्याला दोन माणसे तिथे पाठवावीत. त्यांतील एक स्त्री असावी. निवाशांचे आणि नातेवाइकांचे मंडळ उभे करावे. संस्थेचे शत्रू म्हणून जाऊ नये. चांगल्या संस्थेला साक्षीदार हवेच असतात. मात्र दार बंद झाले तर ते का बंद झाले, हे जाहीरपणे विचारावे.

शासनाकडे करायच्या मागण्या थोडक्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात. प्रत्येक वृद्धनिवासाची सक्तीची नोंदणी. खाटेला खिळलेल्यांच्या संख्येप्रमाणे दिवसा आणि रात्री किमान किती माणसे असावीत, याचा स्पष्ट आकडा. ‘पुरेसे’ हा शब्द नको. ती माणसे खरोखर होती का, हे पगारपत्रकावरून तपासण्याचा अधिकार आणि तो हजेरीपट दारावर लावण्याची सक्ती. सेविकेला प्रशिक्षण, किमान वेतन, आठ तासांची पाळी आणि आठवड्याची सुटी. कलम १९ मधील ‘शकेल’च्या जागी ‘करील’. आणि तपासणीच्या समितीत निवाशांचा व सेविकांचा प्रतिनिधी.

शुश्रूषागृहाची परीक्षा अधिकाऱ्याने घ्यावीच. पण केवळ अधिकाऱ्याने घेतलेली परीक्षा कागदाची होते, आणि केवळ ग्राहकाने घेतलेली फरशीची. जो अंथरुणात पडला आहे आणि जी त्याला वळवते, त्या दोघांना शुश्रूषा कशी आहे हे रोज ठाऊक असते. फक्त त्यांना कोणी विचारत नाही आणि विचारले तरी निर्भयपणे उत्तर देण्याची सोय नसते. ती सोय करून देणे हे चळवळीचे काम आहे. पाऊणशे वर्षे जगलेला माणूस शेवटी एक साधी गोष्ट मागतो: मध्यरात्री हाक मारली तर कोणी तरी यावे. ती हाक ऐकायला माणूस ठेवला आहे की नाही, एवढे जो समाज तपासून पाहत नाही, त्याने आपल्या संस्कृतीतील मातृपितृभक्तीची भाषणे करू नयेत.